वादळ किनाऱ्याला लागल्यानंतर: मराठवाड्यातून चक्रीवादळाचा माग कसा ठेवायचा

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. संध्याकाळी 'गुलाब' चक्रीवादळ उत्तर आंध्रात कलिंगपट्टणमच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. टीव्हीवर वाकलेली नारळाची झाडं आणि ओस पडलेले रस्ते दिसत होते. लातूर जिल्ह्यात आमच्या आखाड्याशेजारी ज्यांचं शेत आहे त्या काकांचा मला फोन आला. सोयाबीन काढून रानात पसरलेलं होतं. "वादळ तर तिकडं आंध्रात हाय, आपल्याला काय त्याचं? राहू देऊ का दोन दिवस वाळायला?" मी म्हणालो, "काका, आज रात्रीतून गोळा करा, गंजी लावा, वरून ताडपत्री टाका." त्यांनी केलंही तसंच. पण एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली. ती पुढे नदीच्या भागात येईल.

सोमवारच्या रात्रीपासून मंगळवारपर्यंत जे झालं ते लातूर, बीड, धाराशिवच्या लोकांना आठवत असेल. मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले, मांजरा आणि तेरणा पात्र सोडून रानात शिरल्या, छतावर अडकलेली माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. टीव्हीवरची वादळाची बातमी तोवर मागे पडली होती, कारण वादळ 'संपलं' होतं.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसून वादळाचा माग ठेवणाऱ्याला हीच गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. किनाऱ्यावरच्या माणसासाठी वादळ म्हणजे वारा आणि समुद्राचं उधाण, आणि लँडफॉल झाला, म्हणजे वादळाचं केंद्र जमिनीवर आलं, की त्याची कथा उतरणीला लागते. आपल्यासाठी वादळ म्हणजे पाऊस, आणि ती कथा लँडफॉलनंतर सुरू होते. खाली जी पद्धत मांडतोय ती मी गेली काही वर्षं वापरतो. त्यासाठी महागडं काही लागत नाही. एक वही, एक मोबाइल, एक सरळ उभ्या कडांचं भांडं, आणि चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धा तास एवढंच लागतं.

हंगामाआधीची तयारी

आपल्याकडच्या समुद्रांत वादळांचे दोन हंगाम असतात. एक एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या पावसाळ्यात पूर्ण वाढलेली चक्रीवादळं कमी होतात, पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं आणि डिप्रेशन (चक्रीवादळाच्या खालच्या पायरीची वादळं) मात्र एकामागून एक तयार होत राहतात. मराठवाड्याच्या दृष्टीने सप्टेंबर हा सगळ्यात नाजूक महिना. उत्तरा, हस्ताच्या पावसात जमीन आधीच भिजलेली असते, धरणं भरत आलेली असतात, आणि सोयाबीन काढणीला आलेलं असतं.

पहिलं काम नकाशा. भारताचा असा छापील नकाशा घ्या ज्यावर अक्षांश-रेखांशाच्या रेषा आहेत. त्यावर आपली गावं मांडा. लातूर साधारण १८.४ उत्तर, ७६.६ पूर्व. नांदेड १९.२, ७७.३. परभणी १९.३, ७६.८. बीड १९.०, ७५.८. छत्रपती संभाजीनगर १९.९, ७५.३. मग पूर्व किनाऱ्यावरची मछलीपट्टणम, विशाखापट्टणम, कलिंगपट्टणम, गोपालपूर ही ठिकाणं ठळक करा. आपल्यापर्यंत येणारी बहुतेक पावसाळी यंत्रणा, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन किंवा वादळ, याच पट्ट्यातून आत शिरते. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, आणि आपल्या पट्ट्यात एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. हे दोन आकडे नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, सारखे लागतात.

दुसरं काम पर्जन्यमापक. बाजारात प्लास्टिकचा मोजमापाच्या खुणा असलेला मिळतो. नसेल तर सपाट बुडाचा, वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा डबा घ्या. झाड, भिंत, पत्र्याचं पाघोळं यांपासून लांब, मोकळ्यावर, वाऱ्याने पडणार नाही असा बसवा. आत पट्टी बुडवून जितके मिलिमीटर पाणी दिसेल तितके मिलिमीटर पाऊस. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली निमुळती असते. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असाच धरला जातो, त्यामुळे तुमचा आकडा महसूल मंडळाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

मोबाइलमध्ये हवामान खात्याचं 'मौसम', विजांसाठी 'दामिनी', शेतीसल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी 'सचेत' ही ॲप घेऊन ठेवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान-आधारित सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्यात वारा-पावसाबरोबर कोणत्या पिकाला काय करायचं हेही असतं, आणि तोही आपल्या भाषेत.

जन्माची चाहूल

चक्रीवादळ आकाशातून एकदम पडत नाही. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असावं लागतं, तेही वरवरचं नाही, चांगलं खोलवर. वर-खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार फरक नसावा, नाहीतर उभा राहू पाहणारा ढगांचा खांब तिरका होऊन मोडतो. मधल्या थरात ओलावा हवा. आणि जागा विषुववृत्तापासून निदान पाच अंश तरी दूर हवी, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ त्याहून जवळ पुरेसा मिळत नाही. यातली एखादी अट तुटली तर कमी दाबाचं क्षेत्र तसंच विरून जातं. दहा वेळा 'बंगालच्या उपसागरात हालचाल' अशी बातमी येते, त्यातून चक्रीवादळ एखादंच होतं.

हवामान खात्याचं दिल्लीतलं चक्रीवादळ केंद्र दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतं. कुठल्या समुद्रात काही तयार होण्याची शक्यता किती, हे त्यात असतं. हंगामात मी गुरुवार चुकवत नाही. त्याच केंद्राचं रोजचं निवेदन दुपारच्या सुमारास येतं आणि पुढच्या प्रत्येक दिवसासाठी डिप्रेशन बनण्याची शक्यता 'शून्य, कमी, मध्यम, जास्त' अशा शब्दांत सांगतं. शब्द 'मध्यम' झाला की वहीचं नवं पान उघडायचं.

इथून पुढे पायऱ्या ठरलेल्या आहेत. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या खाली असेपर्यंत कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ४९ डिप्रेशन. ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ झाले की चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते याच पायरीवर. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, १६७ पासून अत्यंत तीव्र, आणि २२२ च्या वर महाचक्रीवादळ. नावांची यादी भारतासह १३ देशांनी मिळून केली आहे. २०२० च्या यादीत १६९ नावं आहेत, आणि त्यातलं पहिलं नाव 'निसर्ग', जे ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं.

पण नावाच्या मागे लागू नका. ही पायरी फक्त वाऱ्याच्या वेगाची आहे, पावसाची नाही. १ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे कलिंगपट्टणमजवळ जे आत आलं ते नुसतं डिप्रेशन होतं. त्याला नाव नव्हतं. त्यानेच विजयवाडा बुडवलं आणि पुढच्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये रानंच्या रानं पाण्याखाली घातली. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि मांजराकाठाने जे भोगलं, त्यामागेही कुठलं नामांकित चक्रीवादळ नव्हतं. 'चक्रीवादळ होणार नाही' अशी बातमी वाचून निर्धास्त झालेला मराठवाड्यातला माणूस चुकीच्या आकड्याकडे बघत असतो.

बुलेटिन वाचायचं कसं

मला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावासा वाटतो, कारण बातम्यांत हवामान खात्याच्या बुलेटिनमधलं एखादंच वाक्य येतं आणि कामाचं नेमकं तेच गळतं.

बुलेटिनमधली वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. ०००० यूटीसी म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, ०३०० म्हणजे सकाळची साडेआठ, १२०० म्हणजे संध्याकाळची साडेपाच. उपग्रहाच्या चित्रावरही हीच वेळ असते. एकदा गफलत झाली की साडेपाच तास जुनं चित्र ताजं समजून आपण लोकांना सांगत बसतो. वेग नॉटमध्ये असेल तर १.८५ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात.

मग केंद्राचं स्थान बघा आणि नकाशावर ठिपका द्या, शेजारी वेळ लिहा. समजा सकाळी साडेआठला केंद्र १७.५ उत्तर, ८६.० पूर्व होतं, आणि दुपारी अडीचला १७.७ उत्तर, ८५.० पूर्व. म्हणजे सहा तासांत ते साधारण एक अंश पश्चिमेला सरकलं, सुमारे १०५ किलोमीटर. वेग ताशी १७-१८. आता ८५ पासून लातूरच्या ७६.६ पर्यंत ८.४ अंश उरले, म्हणजे जवळजवळ ८९० किलोमीटर. हाच वेग आणि हीच दिशा राहिली तर केंद्राला यायला सुमारे ५० तास. म्हणजे परवा दुपार-संध्याकाळ. पण पाऊस केंद्राची वाट बघत नाही. ढगांचा पसारा केंद्राच्या पुढे दोन-तीनशे किलोमीटर असतो, म्हणून आपल्याकडे आभाळ भरून यायला उद्या रात्रीपासूनच सुरुवात होईल असं धरायचं. एवढा साधा गुणाकार-भागाकार कोणत्याही ॲपपेक्षा डोक्यात पक्का बसतो, आणि शेतकऱ्याला हवा असतो तो नेमका हाच आकडा: हातात किती तास आहेत.

किमान चार ठिपके झाल्याशिवाय दिशेबद्दल बोलू नका. वादळ नागमोडी चालतं. दोन ठिपक्यांवरून काढलेली रेघ पुष्कळदा फसवते.

बुलेटिनबरोबर येणाऱ्या नकाशावर पुढच्या मार्गाभोवती रुंद होत जाणारा पट्टा असतो. हा पट्टा म्हणजे वादळाचा आकार नव्हे. केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं, त्या शक्यतेचा तो पट्टा आहे. २४ तासांच्या अंदाजात पाऊणशे-शंभर किलोमीटरचा फरक पडणं नेहमीचं, ७२ तासांत तो दीडशेच्या वर जातो. लातूर ते परभणी हे अंतर त्याहून कमी आहे. तेव्हा तीन दिवस आधी कोणी 'पाऊस नांदेडला पडेल, लातूरला नाही' असं छातीठोक सांगत असेल तर ते ऐकून सोडून द्या.

इशाऱ्यांचे चार टप्पे ओळखून ठेवा. निदान ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानता, २४ तास आधी इशारा. हे तिन्ही किनाऱ्यासाठी. चौथा टप्पा लँडफॉलच्या सुमारे १२ तास आधी येतो, 'लँडफॉलनंतरचा अंदाज'. वादळ जमिनीवर आल्यावर कोणत्या दिशेने जाईल आणि आतल्या भागात काय करील, हे त्यात लिहिलेलं असतं. बातम्यांत तो जवळपास कधीच येत नाही. मराठवाड्यातल्या माणसाने एकच गोष्ट वाचायची ठरवली तर ती ही वाचावी. त्यात तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा ही नावं शोधा, आणि पावसाच्या शब्दांचे अर्थ लक्षात ठेवा. 'मुसळधार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ पर्यंत, 'अति मुसळधार' २०४.४ पर्यंत, त्याच्या पुढे 'अत्यंत मुसळधार'. महसूल खातं मंडळात ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी धरतं. १०० मिलिमीटर म्हणजे एका एकरावर चार लाख लिटर पाणी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून मराठवाड्याची सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, हे शेजारी ठेवलं म्हणजे एका रात्रीत दीडशे पडणं काय असतं ते कळतं.

परदेशी संस्थांचे वाऱ्याचे आकडे आपल्यापेक्षा मोठे दिसले तर गोंधळू नका. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकेची नौदल संस्था एका मिनिटाची. मोजायची रीतच वेगळी आहे, कोणी काही लपवत नाही.

उपग्रहाचं चित्र आणि मॉडेल

इन्सॅट ३डीआर आणि ३डीएस हे उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून आपल्याकडे सतत बघत असतात. इस्रोच्या 'मोसडॅक' संकेतस्थळावर आणि हवामान खात्याकडे चित्रं मिळतात. रात्री इन्फ्रारेड चित्र बघा. त्यात रंग ढगाच्या माथ्याचं तापमान सांगतो. माथा जितका थंड तितका ढग उंच. समुद्रावर असताना ढग केंद्राभोवती गोल गुंडाळले जातायत की एका बाजूला फेकले जातायत, हे बघायचं. फेकले जात असतील तर वरचे वारे त्याला मोडतायत.

आपल्यासाठी जास्त मोलाचं चित्र पाण्याच्या वाफेचं. किनारा ओलांडल्यावर वादळाचा समुद्राशी असलेला संबंध तुटतो, तरी ओलावा कुठून येतोय ते या चित्रात दिसतं. पावसाळ्यात बंगालच्या उपसागराबरोबर अरबी समुद्राकडूनही ओला वारा त्याच्या पोटात शिरत असेल तर ते जमिनीवर दोन-तीन दिवस तग धरतं. नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तरेकडून कोरडी हवा घुसते आणि ते तेलंगणातच विरघळतं.

मॉडेल म्हणजे संगणकाने काढलेला अंदाज. त्यासाठी 'विंडी' ॲप सगळ्यांकडे असतंच. त्यात युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस दोन्ही आलटून पालटून बघा. आपलं ६ किलोमीटर बारकाव्याचं 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ पासून सुरू झालं आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ते तयार झालं. मी पाळतो तो नियम असा: एका वेळच्या चित्रावर कधीच बोलायचं नाही, सलग तीन वेळची चित्रं बघायची. तिन्हीत पावसाचा लाल डाग एकाच जिल्ह्याच्या आसपास राहिला तर विश्वास धरायचा. डाग दर वेळी उडी मारत असेल तर मॉडेललाच अजून खात्री नाही. आणि दहा दिवसांपुढच्या लाल डागाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं म्हणजे लोकांची झोप उडवणं, दुसरं काही नाही.

किनारा ओलांडल्यावर

आता आपला भाग. पूर्व किनाऱ्यावरून आत आलेलं वादळ साधारण तीन वाटा धरतं.

विशाखापट्टणम ते गोपालपूरच्या पट्ट्यातून शिरून, दक्षिण छत्तीसगड आणि उत्तर तेलंगणावरून विदर्भाकडे पश्चिम-वायव्येला गेलं तर सगळ्यात सावध राहा. पावसाळ्यातल्या अशा यंत्रणेचा सगळ्यात जोरदार पाऊस तिच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो, म्हणजे चालीच्या दिशेने बघितलं तर डाव्या हाताला. केंद्र आदिलाबाद-यवतमाळकडून जात असेल तेव्हा डाव्या हाताला कोण असतं? नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर. केंद्र आपल्या डोक्यावरून जात नाही म्हणून सुटलो असं समजणारे इथेच फसतात. 'गुलाब'चे अवशेष तर आपल्या भागावरून पुढे गुजरातकडे आणि तिथून अरबी समुद्रात गेले. समुद्र लागताच पुन्हा जीव धरून त्यांचं 'शाहीन' झालं, आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानवर जाऊन आदळलं.

मछलीपट्टणमच्या बाजूने शिरून उत्तरेकडे वळलेलं वादळ आपल्याला झड देऊन जातं. ढगाळ हवा, भुरभुर, थंडी गायब. आकडा छोटा असतो पण तुरीचा फुलोरा आणि फुटलेला कापूस या दोघांना तेवढंही पुरतं.

तिसरी वाट तमिळनाडूकडची. तिथून आलेलं बहुधा कर्नाटकातच संपतं, आपल्याकडे नुसते उंच पांढरे ढग.

अरबी समुद्राचं गणित वेगळं. मे २०२१ मधलं 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकत १७ तारखेला दीव-ऊनाजवळ लागलं. 'निसर्ग' मात्र रायगडातून पुणे-नाशिकच्या बाजूने आत आलं. पश्चिमेकडून आलेल्या वादळाला सह्याद्री ओलांडावा लागतो आणि त्यात त्याची ताकद जाते. आपल्याला सोसाट्याचा वारा आणि वळवाच्या सरी मिळतात. शेडनेट, पत्रे आणि आंब्याचा माल यांची काळजी घ्यायची. जूनच्या सुरुवातीला असं वादळ ओमान-गुजरातकडे निघालं तर एक गोष्ट सांभाळा: पाठोपाठ पाऊस येईल म्हणून पेरणीची घाई करू नका. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' समुद्रात रेंगाळलं, आणि त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला आला.

गच्चीवरून

शेवटच्या बारा तासांत रडार आणि आपले डोळे. उदगीर, देगलूर, निलंग्याकडच्या लोकांनी हैदराबादचं रडार बघावं, हिंगोली-किनवटकडच्यांनी नागपूरचंही. रडारच्या कडेला पाऊस कमी दिसतो, कारण दूर गेल्यावर किरण ढगाच्या वरच्या भागातून जातो. जवळच्या लाल रंगापेक्षा कडेच्या पिवळ्याकडे जास्त गांभीर्याने बघा.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या डाव्या हाताला कमी दाबाचं केंद्र आहे. दीडशेहून जास्त वर्षं जुना हा नियम आजही गच्चीवर लागू पडतो. यंत्रणा पूर्वेला असताना वारा उत्तरेकडून येतो. मग तो वायव्येकडे, पश्चिमेकडे फिरत गेला तर केंद्र तुमच्या उत्तरेने जातंय, म्हणजे तुम्ही जोरदार पावसाच्या बाजूला आहात. ईशान्य, पूर्व असा फिरला तर केंद्र दक्षिणेने जातंय. इमारतींमध्ये वारा फसवतो, म्हणून खालच्या ढगांची चाल बघा.

ज्या मोबाइलमध्ये दाबमापक असतो त्यांना हवेचा दाबही नोंदवता येतो. समुद्रसपाटीला दाब १००८ हेक्टोपास्कल असताना लातूरच्या उंचीवर आकडा ९४० च्या आसपास दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याकडे दाब रोजच भरती-ओहोटीसारखा वर-खाली होतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. दहाचा आकडा चारच्या आकड्याशी ताडला की दाब 'कोसळला' असं वाटतं. म्हणून आज चारचा आकडा कालच्या चारच्या आकड्याशीच ताडा. चोवीस तासांत तीन-चारने उतरला असेल तर यंत्रणा खरोखर जवळ येतेय.

नदी

काकांना सांगायचं राहिलं ते हे. गंजी चांगली लागली होती, ताडपत्री पक्की होती, पण ती रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ होती. पावसाने गंजी भिजली नाही. मंगळवारी पहाटे ओढा उलटा भरला, कारण नदीच त्याचं पाणी आत घेईना, आणि गंजी ताडपत्रीसकट गेली. पावसाचा अंदाज मी दिला होता, पाण्याचा दिला नव्हता. त्या दिवसापासून माझ्या वहीत पावसाच्या रकान्याशेजारी नदीचा रकाना आहे.

यासाठी आधी आपलं गाव कोणत्या नदीवर, कोणत्या धरणाच्या खाली आहे ते लिहा. मांजराकाठाने धनेगावच्या मांजरा धरणाकडे बघायचं, सिंदफणाकाठाने माजलगावकडे, तेरणाकाठाने माकणीकडे, पूर्णाकाठाने येलदरी-सिद्धेश्वरकडे. गोदावरीकाठाला पैठणचं जायकवाडी, आणि नांदेडसाठी त्याबरोबर विष्णुपुरी. धरण किती टक्के भरलंय हे पाऊस यायच्या आधी बघायचं. ५० टक्के असेल तर शंभर मिलिमीटर पचतात. ९८ टक्के असेल तर तेवढ्याच पावसात दरवाजे उघडतात. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. तुमच्या पुलावर किती क्युसेकला पाणी येतं, हे गावातल्या जुन्या माणसांना आणि पाटबंधारेच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असतं. विचारून लिहून ठेवा, दुसऱ्या कुठल्या ॲपात ते मिळणार नाही.

तुमच्या गावात पाऊस थांबला म्हणून नदी उतरत नाही. औराद शहाजानीच्या भागात तेरणा मांजराला मिळते. वर बीड-धाराशिवात रात्री पडलेलं पाणी तिथे काही तासांनी पोचतं, बऱ्याचदा डोक्यावर ऊन असताना.

लोकांना सांगताना

तुमचा माग लोकांच्या कामी यायचा असेल तर संदेश छोटा आणि वेळेचा उल्लेख असलेला हवा. मी असा लिहितो: 'सोमवार, सकाळी ९. हवामान खात्यानुसार डिप्रेशन तेलंगणात, पश्चिमेकडे ताशी सुमारे १८ किमी. लातूर जिल्ह्याला आज रात्रीपासून उद्या दुपारपर्यंत मुसळधारचा ऑरेंज इशारा. धरण ९५ टक्के. काढलेलं सोयाबीन उंचवट्यावर हलवा, मोटारी आणि जनावरं नदीकाठावरून आणा. पुढची माहिती संध्याकाळी ६ ला.' संध्याकाळी सहाला खरंच लिहायचं, बदल नसला तरी. आणि अंदाज खात्याचा किती, आपला किती, हे वेगळं सांगायचं.

जुने व्हिडिओ, 'आत्ताच धरण फुटलं' असले निरोप पुढे पाठवू नका. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ नुसार खोटा इशारा पसरवून घबराट करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शंका असेल तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करून विचारा, तातडीची मदत ११२ वर.

पाणी बघायला पुलावर जाऊ नका, नोंदीसाठी तर मुळीच नाही. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी माणसाला पाडतं, आणि मोटारसायकल त्याहून आधी जाते.

ओसरल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पाऊस मोजा, भांडं भरून वाहिलं असेल तर तसंही लिहा. रात्रीतून दोनदा मोजलं असेल तर दोन्ही आकडे वेळेसह ठेवा, कारण पाच तासांत पडलेले १०० आणि चोवीस तासांत पडलेले १०० जमिनीला सारखे नसतात. रानाचे, ओढ्याचे फोटो तारखेसह काढा, पंचनाम्याच्या वेळी मंडळाच्या आकड्याशेजारी तुमची नोंद उपयोगी पडते. नदी कुठल्या दगडापर्यंत, कुठल्या खांबापर्यंत चढली ती खूण रंगाने करा.

मग नकाशावर खरा मार्ग शाईने काढा, आणि आपण पेन्सिलने काढलेला तसाच राहू द्या. माझ्या पहिल्या तीन नकाशांत दोन्ही रेघा एकमेकींपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर दूर होत्या, आणि दर वेळी मी केंद्र खऱ्यापेक्षा उत्तरेला काढलं होतं. हे लक्षात आल्यापासून मी पेन्सिल हातात घेतली की आधी दक्षिणेकडची शक्यता मांडतो. काकांची गंजी आता वरच्या बांधावर लागते, सप्टेंबरात दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो, आणि ते विचारतात, "बंगालात काही हाय का?"